पॅड की माव : तिखट थाई नूडल्स वटारच्या स्वयंपाकघरात

नालासोपारा व विरार या स्थानकांच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूने आगाशी, नंदाखाल, सत्पाळे आणि वटार अशी गावे एकमेकांना लागून आहेत. केळी, नागवेल, भाजीपाला आणि फुले यांच्या वाड्यांसाठी हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. येथील भाजी आणि फुले पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात जातात. अशा गावाच्या संदर्भात थाई नूडल्सचा विषय काढणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु 'पॅड की माव' या झणझणीत थाई पदार्थाला लागणारी सामग्री एकेक करून पाहिली, तर तिच्यातील निम्म्याहून अधिक जिन्नस वसईच्या वाडीत किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मिळणारे आहेत, असे आढळते. मॉलमधून महागड्या बाटल्या आणून घरी केलेला हा पदार्थ बहुधा फसतो, आणि त्याचे कारण बाटल्यांमध्ये नसते. ते पुढे येईलच.

'पॅड' किंवा 'फट' म्हणजे परतलेले आणि 'की माव' म्हणजे मद्यपी. इंग्रजी हॉटेलांच्या मेनूवर म्हणूनच हा पदार्थ 'ड्रंकन नूडल्स' या नावाने येतो. नावावरून त्यात मद्य असावे असा अनेकांचा समज होतो. पण रूढ पाककृतीत मद्याचा थेंबही नसतो. नावाची उपपत्ती अनेक प्रकारे सांगितली जाते. रात्री उशिरा झिंगून घरी आलेल्याने हाताला लागेल ते कढईत टाकून केलेला पदार्थ, ही एक. मद्यपानाबरोबर खाण्यासाठी मुद्दाम जहाल केलेला पदार्थ, ही दुसरी. आणि इतका तिखट की खाणाऱ्याची नशाच उतरावी, ही तिसरी. यांपैकी कोणत्याही कथेला भक्कम आधार नाही. रस्त्याच्या कडेला, मोठ्या आचेवर, दोन-तीन मिनिटांत तयार होणारे हे खाणे आहे, एवढे मात्र निश्चित.

या पदार्थातील रुंद तांदळाच्या पट्ट्या मूळच्या थाई नव्हेत. दक्षिण चीनमधून सयाममध्ये स्थायिक झालेल्या, विशेषतः तिओच्यू भाषक लोकांनी त्या तेथे नेल्या. थाई भाषेतील 'क्वायतिआव' हा नूडल्ससाठीचा शब्दही चिनी वळणाचाच आहे. १९३९ मध्ये सयामचे 'थायलंड' असे नामांतर झाले. त्याच सुमारास फिबुन सोंगक्राम यांच्या सरकारने नूडल्स हे राष्ट्रीय खाणे व्हावे म्हणून प्रचार केला आणि जगप्रसिद्ध 'पॅड थाई'चा उदय झाला. पॅड की मावला असा सरकारी आश्रय लाभला नाही. पॅड थाईमध्ये चिंच, गूळ आणि शेंगदाण्याची आंबट-गोड चव असते. पॅड की मावमध्ये यांतले काहीही नाही. तेथे राज्य चालते ते लसूण, मिरची आणि तुळशीचे. आपल्याकडे अनेक घरांत 'थाई' म्हटले की नारळाचे दूध, गवती चहा आणि दाण्याचा कूट हे तिन्ही हमखास पडतात. या पदार्थात तिघांनाही स्थान नाही.

मिरचीचा प्रवास

ज्या मिरचीवाचून या पदार्थाची कल्पना करता येत नाही, ती थायलंडचीही नाही आणि भारताचीही नाही. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती आशियात आणली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांचा पहिला दूत सयामची राजधानी अयुथ्या येथे १५११ मध्ये पोहोचला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली ती १५३४ च्या तहाने. आणि चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकेपर्यंत ही किनारपट्टी त्यांच्याच अमलाखाली होती. दोन दूरच्या किनाऱ्यांवर एकाच दर्यावर्दी सत्तेच्या गलबतांतून एकच फळ उतरले. एकीकडे त्यातून थाई कढईतला ठसका निर्माण झाला, दुसरीकडे मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांतला 'बाटली मसाला'. हा मसाला कितीही प्रिय असला तरी त्याचा चमचा या नूडल्समध्ये घालण्याचा मोह टाळावा. भाजलेल्या मसाल्याची चव आली की तुळशीचा वास मरतो.

थाई स्वयंपाकात जी बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, अतितिखट मिरची वापरतात, तिचे नाव 'प्रिक खी नू', म्हणजे शब्दशः 'उंदराच्या लेंडीची मिरची'. आपल्याकडील लवंगी मिरची तिची जागा उत्तम रीतीने घेते. भाजीवाल्याकडची पोपटी, जाड सालीची मिरची येथे उपयोगाची नाही. ती पाणी सोडते आणि तिखटपणा देत नाही.

तुळस : कोणती, किती आणि कोठली

पॅड की मावचा प्राण म्हणजे 'क्रपाव'. ही वनस्पती म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपली तुळसच. दोन्हींचे शास्त्रीय नाव 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' असे आहे. हे कळल्यावर अनेकांना अंगणातील वृंदावन आठवते, आणि तेथेच प्रश्न उभा राहतो. ज्या घरात तुळशीला रोज दिवा लागतो, तेथे तिची पाने लसूण-कोळंबीबरोबर कढईत टाकणे मनाला पटणारे नसते. या भावनेचा मान राखणे सोपे आहे. वृंदावनातील तुळशीला हात न लावता मंजिरीतले बी वेगळ्या कुंडीत पेरावे आणि ते रोप स्वयंपाकासाठी ठेवावे. ज्यांना तेही रुचत नसेल त्यांनी सब्जाची पाने वापरावीत.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी चवीचा फरक उरतोच. जात एक असली तरी थाई क्रपाव आणि आपल्या अंगणातली तुळस यांच्या चवीत अंतर आहे. थाई वाणाची पाने कोवळी, मऊ आणि मिरीसारखी झणझणीत असतात. आपली तुळस, विशेषतः कृष्णतुळस, अधिक उग्र असून तिला लवंगेसारखा, काढ्याची आठवण करून देणारा वास येतो. हा वास 'युजेनॉल' या तैलद्रव्याचा असून लवंगेतही तेच प्रमुख असते. म्हणून वाटीभर क्रपावच्या जागी वाटीभर तुळस घातली तर नूडल्सना सर्दीच्या औषधाची चव येते. तुळशीची फक्त शेंड्याकडील कोवळी पाने घ्यावीत, मंजिरी काढून टाकाव्यात आणि एक भाग तुळशीला दोन भाग सब्जाची पाने असे प्रमाण ठेवावे. फालुद्यात ज्याचे बी घालतात तो सब्जा म्हणजे 'ऑसिमम बॅसिलिकम'. थायलंडमधील बडीशेपेच्या गंधाची 'होरापा' तुळस याच जातीची. क्रपाव मिळत नसेल तेव्हा थायलंडबाहेरील बहुतेक हॉटेले होरापावरच भागवतात. त्यामुळे सब्जा वापरला म्हणून पदार्थ खोटा ठरत नाही. इटालियन पद्धतीची, मोठ्या पानांची 'बेसिल' मात्र शक्यतो टाळावी. ती गोडसर असते आणि मोठ्या आचेवर लगेच काळी पडते.

वाडी आणि किनारा यांतून मिळणारे

या नूडल्समध्ये पडणाऱ्या लांब हिरव्या शेंगा म्हणजे चवळीचीच एक उपजात. वाडीतल्या कोवळ्या चवळीच्या शेंगा बोटभर लांबीच्या तुकड्यांत तोडून घातल्या की फ्रेंच बीन्सची गरज उरत नाही. किंबहुना फ्रेंच बीन्सपेक्षा त्याच मुळाशी अधिक प्रामाणिक ठरतात. ओल्या मिरीचे घोस हा दुसरा महत्त्वाचा घटक. कोकणातील बागांत सुपारीवर मिरीचे वेल चढवलेले असतात; तेथून हिरवे घोस मिळाले तर उत्तम, नाहीतर मिठाच्या पाण्यातली हिरवी मिरी बाटलीत मिळते. तीही नसेल तर काळी मिरी जाडसर कुटून घ्यावी. 'क्राचाय' नावाचा बोटांसारखा फुटवा असलेला एक कंद काही थाई स्वयंपाकी घालतात. तो आपल्याकडे सहजी मिळत नाही. त्याच्याऐवजी आले घालण्याची सूचना केली जाते, पण आल्याने चव चिनी होते. तो वगळलेलाच बरा.

कोळंबी ताजी मिळाली तर या पदार्थाला तिच्यासारखी जोड नाही. कोंबडी, डुकराचे मांस, अंडे किंवा टोफू यांचेही चालते. अर्नाळ्यासारख्या कोळीवाड्यांतून येणारा सुका जवळा येथे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडतो. थाई स्वयंपाकाचा कणा म्हणजे 'नाम प्ला' ही माशांची पातळ, तपकिरी निवळ. छोटे मासे मिठात मुरवून साधारण वर्ष-दीड वर्षाने ती काढतात. तेथे त्यासाठी वापरले जाणारे मासे अँकोव्हीच्या कुळातले असतात, आणि आपली मांदेली याच कुळातली आहे. तसेच थायलंडची 'कापी' ही आंबवलेली चटणी ज्या सूक्ष्म कोळंबीपासून होते, ती आपल्या जवळ्याचीच भावंडे होत. आपण हा माल उन्हात वाळवला, त्यांनी तो मिठात मुरवला; फरक एवढाच. नाम प्लाची बाटली घरात नसेल तर मूठभर सुका जवळा निवडून, वाळू राहू नये म्हणून झटपट धुऊन, पुन्हा कोरडा होईपर्यंत मंद आचेवर भाजावा आणि त्याची पूड करावी. एक चमचा पूड व जोडीला थोडा जास्त सोया सॉस घातल्यास नाम प्लाची हुबेहूब नक्कल होत नाही, पण ज्या खोल, खाऱ्या चवीसाठी ती घालतात ती चव येते. शाकाहारी घरात सुकी अळिंबी भिजवून तिचे पाणी आणि सोया सॉस वापरावे.

सोया सॉसच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. थायलंडमधील काळा सोया सॉस दाट व गोडसर असतो, कारण त्यात मळी मिसळलेली असते. आपल्या बाजारातील 'डार्क सोया सॉस' बहुधा पातळ आणि खारट असतो. पाककृतीत सांगितले आहे म्हणून तो दोन-दोन चमचे ओतला तर पदार्थ काळा आणि खारट होतो. एक चमचा सॉसमध्ये अर्धा चमचा काकवी मिसळली की मूळ चवीच्या बरेच जवळ जाता येते.

नूडल्स : विकतच्या आणि घरच्या

यासाठी तांदळाच्याच, सुमारे एक ते दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या हव्यात. गव्हाच्या हक्का नूडल्स चालत नाहीत. सुक्या पट्ट्या उकळत्या पाण्यात टाकणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. त्या बाहेरून शिजतात, कढईत गेल्यावर तुटतात आणि शेवटी लगदा होतो. त्या साध्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास भिजवाव्यात. बोटाभोवती गुंडाळता येतील, पण दाताखाली अजून कच्च्या लागतील अशा झाल्या की चाळणीत निथळाव्यात. उरलेले शिजणे कढईत, सॉसच्या ओलाव्यात होते.

ताज्या पट्ट्या मुंबईतही सगळीकडे मिळत नाहीत. परंतु ज्या प्रदेशात हळदीच्या पानावर तांदळाची उकड थापून पातोळ्या उकडतात आणि सोऱ्यातून शिरवाळे पाडतात, तेथे त्या घरी करणे अवघड नाही. एक वाटी जुन्या तांदळाचे बारीक पीठ, पाव वाटी साबुदाण्याचे पीठ, पावणेदोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ व एक चमचा तेल एकत्र करून अर्धा तास ठेवावे. तांदूळ जुनाच घ्यावा. नव्या तांदळाने पट्ट्या चिकट होतात. मोदकपात्रात मावेल अशा सपाट थाळीला तेल लावून, पीठ प्रत्येक वेळी ढवळून, जेमतेम तळ झाकेल इतकेच ओतावे आणि तीन ते चार मिनिटे वाफवावे. थाळी किंचित जरी कलली तर एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला भाकरी तयार होते. निघालेली चकती तेलाचा हात लावून निवू द्यावी व मग पट्ट्या कापाव्यात. या पट्ट्या त्याच दिवशी वापरणे चांगले. फ्रिजमध्ये तांदळातील स्टार्च घट्ट होऊन त्या ठिसूळ बनतात. तसे झाल्यास वापरण्यापूर्वी पुन्हा वाफ द्यावी.

कृती

दोघांसाठी २०० ग्रॅम सुक्या किंवा सुमारे ४०० ग्रॅम ताज्या पट्ट्या घ्याव्यात. त्यांच्या जोडीला सोललेली कोळंबी १५० ग्रॅम, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, पाच ते आठ लवंगी मिरच्या, चवळीच्या सात-आठ कोवळ्या शेंगा, चार-पाच बेबी कॉर्न, ओल्या मिरीचा एखादा घोस, एक वाटी तुळस-सब्जाची पाने आणि तीन मोठे चमचे तेल लागते. सॉस आधीच एका वाटीत एकत्र करून ठेवावा : नाम प्ला एक मोठा चमचा, साधा सोया सॉस एक मोठा चमचा, ऑयस्टर सॉस एक मोठा चमचा, काकवी घातलेला काळा सोया सॉस एक लहान चमचा, साखर एक लहान चमचा आणि पाणी दोन मोठे चमचे. वेगळे मीठ अजिबात घालू नये. या सॉसमध्ये मिठाचे प्रमाण मुळातच भरपूर असते; रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ते आणखी कमी करावे. ऑयस्टर सॉस कालवांपासून करतात, तेव्हा कवचधारी जीवांची अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्यांना केवळ कोळंबी वगळून हा पदार्थ वाढणे धोक्याचे आहे.

लसूण आणि मिरची खलबत्त्यात जाडसर कुटावी. मिक्सरमध्ये त्याची गुळगुळीत पेस्ट होते आणि ती कढईला चिकटून जळते. कढई लोखंडी असावी. नॉनस्टिक भांडे रिकामे असताना कडकडीत तापवणे योग्य नव्हे, कारण त्याचा थर अतितापमानाला खराब होऊन घातक वाफा सोडतो. आणि येथे तर भांडे धूर येईपर्यंत तापवायचे आहे. मिरची तेलात पडताच घरभर ठसका उठतो. खिडक्या उघडाव्यात आणि लहान मुलांना त्या पाच मिनिटांपुरते बाहेर पाठवावे.

आता फसण्याचे खरे कारण. हॉटेलच्या भट्टीची आच घरच्या शेगडीच्या अनेक पटींनी मोठी असते. तेथे सॉस पडताक्षणी त्यातील पाणी उडून जाते आणि नूडल्सना खरपूस, किंचित धुरकट चव येते. घरच्या शेगडीवर चौघांच्या नूडल्स एकदम टाकल्या की कढई थंड पडते, पाणी साचते आणि पदार्थ परतला न जाता उकडला जातो. यावर उपाय एकच. एका वेळी एका माणसाचा, फार तर दोघांचा घाणा करावा. पाहुणे चार असतील तर कढई दोनदा चढवावी. महागडा वोक किंवा आयात केलेला सॉस हे काम करू शकत नाही.

मोठ्या आचेवर कढई तापवून एक चमचा तेलात कोळंबी फक्त रंग बदलेपर्यंत परतावी व बाजूला काढावी. उरलेले तेल घालून लसूण-मिरचीचा ठेचा टाकावा. पंधरा-वीस सेकंद पुरेत. लसूण तपकिरी झाला तर कडू लागतो. लगेच शेंगा, बेबी कॉर्न आणि मिरी घालून मिनिटभर परतावे. मग पट्ट्या टाकाव्यात आणि सॉस मधोमध न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडावा. तो चरचरला पाहिजे; आवाज आला नाही तर आच कमी आहे असे समजावे. पट्ट्या उलथन्याने पसरून वीस-तीस सेकंद मुळीच न हलवता ठेवाव्यात, नंतर उलटाव्यात व पुन्हा तसेच करावे. सतत ढवळत राहिल्यास त्या तुटतात आणि त्यांना खरपूसपणा येत नाही. आगाशीच्या प्रसिद्ध भुजिंगात निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीत पोहे मिसळतात. तेथे पोह्यांना मसाला धरतो पण त्यांचा लगदा होत नाही. हाताला ते वळण असलेल्यांना नूडल्सचा अंदाज लवकर येतो. पट्ट्या अजून कडक वाटल्यास एक-दोन चमचे पाणी कडेने शिंपडावे. शेवटी कोळंबी परत घालावी, गॅस बंद करावा आणि मगच पाने टाकून दोनदा उलटावे. पाने कढईच्या उरलेल्या उष्णतेने मऊ झाली पाहिजेत, शिजता कामा नयेत.

हा पदार्थ कढईतून थेट ताटात गेला पाहिजे. लिंबाची फोड बाजूला ठेवावी, टोमॅटो सॉस ठेवू नये. उरल्यास दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पूर्ण गरम करून खावा. तांदळाचे शिजलेले पदार्थ बाहेर राहिल्यास त्यांत विषबाधा करणारे जिवाणू वाढतात.

वाडी राहिली तर

वर सांगितलेली चवळी, लवंगी मिरची, कुंडीतला सब्जा यांचा आधार म्हणजे या पट्ट्यातील गोड्या पाण्याच्या विहिरी. टँकरसाठी होणारा भरमसाट उपसा आणि बेसुमार बांधकामे यांविरुद्ध वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठे जनआंदोलन उभे राहिले. मूळ नंदाखालचे असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून त्याच्या अग्रभागी होते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि दरम्यान पूर्वेकडून इमारतींची रांग वाड्यांच्या दिशेने सरकत राहिली. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी जेवढे उपसले जाते तेवढे खारे पाणी आत शिरते, आणि खाऱ्या पाण्यावर ना नागवेल धरते ना चवळी. पॅड की मावच्या सॉसची बाटली बँकॉकहून आणता येते. सकाळी तोडलेली कोवळी शेंग आणि हातात चुरगाळताच वास देणारे पान मात्र जवळच्या वाडीतूनच यावे लागते. वटारमध्ये ते अजून मिळते.